चार टायरांची हळद आणि दातेरीच्या वाटेचा प्रसंग

श्री विघ्नहर्त्याचे पायी मस्तक, कुलस्वामिनीचे पायी मस्तक, आणि दातेरीच्या खडकांस दुरोनच दंडवत, जवळ जाण्याची हौस फिटली. शके एकोणीसशे एक, सिद्धार्थी नाम संवत्सरे, ज्येष्ठ मासी कृष्णपक्षी जे वर्तमान जाहले ते लिहितो. राज्याचे नाव लिहीत नाही, कारण राज्य अद्याप नांदते आहे आणि लिहिणाराची भाकरी त्याच राज्याच्या तव्यावर भाजते. ऐकीव एक अक्षर नाही. जीपगाडीचे मागल्या बाकावर बसोन, टपास डोके आपटून घेत घेत जे पाहिले तेच लिहिले आहे. उणे अधिक असेल ते आपटण्याचे खाती घालावे.

तर मुलुखाचे दोन भाग. खालचे अंगास भातखाचरे आणि खाडीचा मळा, तेथे चिखल इतका की माणसाने घरातून निघावे ते जोडे हाती धरोनच निघावे. वरचे अंगास पठार, तेथे माती औषधास मिळावयाची नाही, अवघा काळा कातळ, आणि कातळाचे दात ऐसे की शेळीदेखील पाऊल टाकण्याआधी विचार करी. खालचा मुलूख आमच्या महाराजांचा, वरचा बावाजीराव देशमुखांचा. महाराज म्हणजे सात्त्विक पुरुष, पस्तिशी उलटलेली, अंगाने भरलेले, बोलण्यात कमी आणि जेवण्यात पुरे. कोणाचे वाईट चिंतिले नाही आणि जमिनीवर पाय ठेविला नाही. पलंगावरून गालिच्यावर, गालिच्यावरून जीपगाडीत, ऐसा त्यांचा अवघा प्रवास. आणि त्या जीपगाडीचे टायर हाच या हकीकतीचा विषय, म्हणोन नवरीचे वर्णनाआधी टायरांचे वर्णन करणे प्राप्त आहे, नवरीने क्षमा करावी. हे टायर सरलष्कर सुभानजी दांडगे यांणी दर्यापारहून गलबतात घालोन मुद्दाम आणविले, खास चिखलाचे. अंगावर मुठीएवढाल्या रबरी गाठी, आणि दोन गाठींमधली खाच ऐसी की चिखल धरी, चिखल ओकी, आणि पुन्हा धरी, परंतु अडकोन बसणे ठाऊक नाही. रबर नरम, चिखलास बिलगावे म्हणोन मुद्दाम नरम केलेले, खडकावर नेऊ नये ऐसे. ही गोष्ट विकणाराने स्पष्ट सांगितली होती, परंतु सुभानजींनी अर्धीच ऐकिली, कारण उरलेला अर्धा वेळ ते टायरांवर हात फिरवीत होते. मग त्यांणी टायरांस नावे ठेविली, पुढले दोन ऐरावत आणि वराह, मागले दोन मगर आणि कूर्म. आणि पराक्रमही खरा जाहला. एके वर्षी खाडीत रुतलेले गलबत या गाडीने ओढोन काढिले, आणि दुसरे वर्षी कारभाऱ्यांची सासू. तेव्हापासोन सुभानजी मिशीस पीळ भरीत आणि म्हणत, "हे टायर फाटावयाचे नाहीत. फाटेल तो रस्ता."

ऐसे असता जत्रेत महाराजांणी गजराबाईस पाहिले. गजराबाई म्हणजे बावाजीरावांची एकुलती कन्या. बापाची जुनी जीप स्वतः हाकीत होती, आत चार मावश्या आणि थोरल्या मावशीचे मांडीवर ताकाची घागर, आणि देवळाच्या दगडी पायऱ्यांवरोन बाईने गाडी ऐसी उतरविली की ताक हिंदकळले नाही आणि मावश्यांची चहाडीही मध्ये तुटली नाही. महाराजांची गाडी शेजारी उगाच गुरगुरत उभी होती. बाईने आधी त्या गाठीदार टायरांकडे पाहिले, मग महाराजांकडे पाहिले, आणि हसली. थट्टेने हसली की कौतुकाने, हे महाराजांस कळेना, आणि तेच कळोन घेण्याची तळमळ लागली. त्या रात्री ताटातील पुरणपोळी तशीच राहिली आणि मुदपाकखान्यात आचारी रडला. लपविण्याजोगे काही नाही, महाराजांचा जीव तिजवर जडला होता. याआधी दोन सोयरिकी मोडल्या होत्या, एक पंगतीत तूप पातळ वाढिले म्हणोन आणि दुसरी घट्ट वाढिले म्हणोन, आणि दोन्ही वेळी महाराजांस कोणी विचारिले नाही. या खेपेस मात्र ते स्वतः बोलिले की, "करीन तर हीच." सारा दरबार चकित जाहला, कारण महाराजांस आवाज आहे हेच कित्येकांस ठाऊक नव्हते.

मग मागणी गेली आणि बावाजीरावांकडोन होकार आला, परंतु होकारास दोन खिळे ठोकलेले. ते रोखठोक बोलिले, "मुहूर्त गोरजाचा, आन् यंदाचा ह्योच शेवटचा. फुडं चातुर्मास, त्यो सरतोय न सरतोय तंवर सिंहस्थ. हुकला तर वरीसभर पोरीला घरात बसवून तुमची वाट बघणार न्हाई, खिंडीच्या सरदाराची मागणी पडूनच हाय. आन् जावई वाहनातनं आला पायजे. पायी आलेल्याला देशमुखांनी कवा लेक दिली न्हाई." आणि इकडे आमच्या आऊसाहेबांणी, म्हणजे महाराजांच्या मातोश्रींणी, घराण्याचा आपला खिळा वर ठोकिला की, हळद लागल्यापासोन वधूच्या गावशिवेवर सीमांतपूजन होऊन पाय धुतले जाईपर्यंत नवरदेवाचा पाय भुईस लागता कामा नये, लागला तर ते लग्न मोडले ऐसे समजावे. महाराजांस यात काही अवघड वाटले नाही, त्यांचा पाय एरवीही लागत नसे.

मग हळदीचा समारंभ मांडिला आणि राजोपाध्यांणी एक शास्त्रार्थ काढिला. ते म्हणाले की, नवरदेवाचे पाय भुईस लागणार नाहीत, मग लागणार ते कोणाचे, तर गाडीचे. म्हणजे गाडीची चाके तेच नवरदेवाचे पाय, आणि नवरदेवाच्या पायांस हळद लागते. शास्त्रार्थास तोड नाही. मग तिळाचे तेलात हळद कालविली, महाराजांस लाविली, आणि सुवासिनींणी ओव्या म्हणत ऐरावत, वराह, मगर आणि कूर्म यांस सकाळ संध्याकाळ न्हाऊमाखू घातले, गाठीगाठींत बोटे घालोन. रबर तेल पोटभर प्याले आणि मऊ होऊन फुगीर दिसू लागले, तों सुभानजी म्हणाले, "पाहा, कैसे तेज चढले आहे!" इतक्यात मांडवात धोंडजी मामा आले. धोंडजी म्हणजे नवरीचे सख्खे मामा, पठारचे माणूस, बोलण्यात साखर नाही आणि मीठही बेताचे. त्यांणी टायरास अंगठा दाबोन पाहिला, अंगठ्यास काळे लागले, तो धोतरास पुसला आणि म्हणाले, "ह्यो काय परकार? टायराला हळद? त्येल लावू नये वो रबराला, कुजतंय. बरं, ते ऱ्हाऊ द्या. गजराचा निरोप हाय. दातेरीची वाट जवळची, पर निव्वळ खडकाची. तिकडनं येणार असाल तर चाकातली निम्मी हवा सोडा, म्हंजे टायर दगडावर पसरून बसंल, दगड टायरात घुसायचा न्हाई. आन् सावकाश या. जमलं तर ह्ये चिखलाचं टायर घरीच ठेवा, पोरगी म्हनली."

हे ऐकताच मांडवात ऐसी शांतता पसरली की वाटीतली हळद वाळलेली ऐकू यावी. मग आऊसाहेब उठल्या आणि बोलिल्या, "वधूपक्षाने वरपक्षास वाट शिकवावी? अजून अक्षता पडल्या नाहीत, आणि आमच्या चाकातली हवा सोडायला निघाले! उद्या म्हणतील नवरदेवही अर्धाच आणा." सुभानजींनी मिशीवर हात ठेविला. आणि नगारखान्याचा प्रमुख पिराजी गुरव तर तांबडालाल होऊन पुढे आला. याचे कारण सांगितले पाहिजे. घोडे गेले, घोड्यावरचा नगारा गेला, तेव्हा पिराजीच्या घराण्यास दरबाराने नवा मान दिला होता, तो टायर वाजविण्याचा. गाडी निघतेवेळी आणि प्रत्येक मुक्कामी त्याने नगाऱ्याचे टिपरू टायरावर हाणावे, आणि टायर टण्ण बोलला पाहिजे, न बोलल्यास बोलेपर्यंत हवा भरावी. पिराजी म्हणाला, "निम्मी हवा ठिवली तर आवाज भद्द येईल. माज्या आज्या-पणज्याच्या टिपरातनं भद्द आवाज कधी निघाला नाही, आन् महाराजांच्या लग्नात निघंल तर म्या हितंच जीव देईन." मामा म्हणाले, "बरं बाबा, वाजव. स्टेपनी तरी घेताय का न्हाई?" तेव्हा सुभानजी हसले आणि बोलिले, "मामासाहेब, वरातीत राखीव नवरदेव घेऊन निघतात काय? स्टेपनी नेणे म्हणजे टायरांवर अविश्वास, आणि हळद लागल्यावर अविश्वास म्हणजे अपशकुन." यावर मांडव गडगडोन हसला, स्टेपनी गाडीमागोन उतरविली आणि देवडीवर नेऊन ठेविली, तेथे तिच्या पोटात मांजर निजले. महाराजांचे मनात आले की बाई सांगते तैसे करावे. बोलण्यास तोंडही उघडिले. परंतु आऊसाहेबांणी त्यात पेढा घातला. मामा उठले, जोडे पायी घातले आणि एवढेच म्हणाले, "म्या सांगितलं. आता तुमी आन् दगूड बघून घ्या."

मग वऱ्हाड बैलगाड्यांतून आदले दिवशीच पुढे गेले, पठारास वळसा घालणाऱ्या मातीच्या लांब वाटेने; आऊसाहेब त्यांचेबरोबर. जीपगाडीनेही त्याच वाटेने जावे ऐसे कोणी सुचविले, तों सुभानजी कडाडले की, बैल जातात त्या वाटेने टायर गेले तर टायर दर्यापारहून आणविले कशास. मग लग्नाचे दिवशी सकाळी कूच जाहले. सुभानजी स्वतः हाकावयास बसले, शेजारी महाराज जरीचा अंगरखा आणि मुंडावळ्या लेवोन, मागे पिराजी टिपरू घेऊन, आणि पिराजीशेजारी जी जागा उरली तीत लिहिणार. पिराजीने टायर वाजविले, चारही टायर ऐसे बोलले की पारवे उडाले. आणि खरे ते लिहावे, आम्हास सुभानजींचे प्रेम नाही तरी लिहावे: चिखलात त्या टायरांस तोड नव्हती. गुडघाभर राडीतून गाडी ऐसी गेली की डोहातल्या म्हशी उठोन उभ्या राहिल्या. लोक बांधावर उभे राहोन जयजयकार करीत होते, सुभानजी गात होते, महाराजही हसत होते, आणि लिहिणाराचा ऊर भरोन आला आणि तोंडही, कारण मागल्या बाकावर चिखल फार येतो.

मग दातेरी लागली. पायथ्याशी गाडी थांबविली, पिराजीने रिवाजाप्रमाणे टिपरू हाणले, आणि कान लावोन म्हणाला की आवाज अंमळ खाली आला आहे. कोणास तैसे वाटले नाही, परंतु मान त्याचा. मग पंप काढिला आणि घाम गाळोन आणखी हवा भरली, तों टायर पापडासारखे ताठ जाहले. आणि तट्ट फुगलेला टायर खडकावर बसत नाही, उडतो. आणि उडोन पुन्हा आदळतो तो दगडाच्या धारेवरच आदळतो. महाराज एकदा पुढे, एकदा वर, एकदा सुभानजींचे मांडीवर, ऐसे जाऊ लागले. सुभानजी सावकाश हाकीनात, कारण सावकाश या हा वधूपक्षाचा निरोप होता. थोडा चढ चढलो तों खालोन काहीतरी उडोन टपावर आदळू लागले. पिराजी म्हणाला, "कोन दगडं मारतंय रं?" आम्ही वाकोन पाहिले आणि म्हणालो, "दगड नव्हेत, वराह आहे. थोडा थोडा वर येतो आहे." तेल प्यालेल्या नरम गाठी खडकास घासोन एकेक उपटून मागे उडत होत्या. सुभानजी म्हणाले की नव्या टायराची कात पडते, चिंता नको. इतक्यात पुढोन ऐसा धडाका जाहला की दरी घुमली. महाराजांस वाटले देशमुखांणी तोफेची सलामी दिली, म्हणोन त्यांणी अदबीने हात वर करोन ती स्वीकारली. सलामी नव्हती. ऐरावताची कूस वीतभर फाटली होती.

सुभानजी उतरले, फाटलेल्या ठिकाणी हात फिरविला, आणि त्यांचे डोळे भरोन आले. आमच्या मनात स्टेपनीचे नाव आले, परंतु ते उच्चारण्याचे धैर्य कोणी केले नाही. सर्वांस एकदम मांजर आठवले असावे. मग सुभानजी म्हणाले की घोडा तीन पायांवरही घरी येतो, आणि गाडी ऐरावताचे चिंध्यांवर लंगडत पुढे काढिली. वराह गाठी झडोन गुळगुळीत जाहलाच होता, त्याने एका सुळक्यावर लांब उसासा टाकिला आणि खाली बसला. आणि मग एक दगडी पायरी आली, बाईने जत्रेत उतरविली त्याहोन लहानच असेल, त्या पायरीवर सुभानजींनी रागाने गाडी घातली तों मगर आणि कूर्म दोघेही एकदम गेले. चारी रिमा कातळावर टेकल्या, आणि जीपगाडी जी बसली ती बसलीच. सूर्य कलला होता. पठाराचे पल्याड शिवेचा दगड दिसत होता, त्यापाशी रंगीत कनात, आणि वाऱ्याबरोबर सनईचा आवाज येई आणि जाई.

मग मसलत जाहली. एक तजवीज ऐसी की कोणी धावत जाऊन देशमुखांची गाडी आणावी. परंतु जाऊन येईतों गोरज टळणार हे उघड होते. दुसरी तजवीज महाराजांस उचलोन नेण्याची. आम्ही तिघे, महाराज एकटे, तरी बहुमत महाराजांचेच. पिराजीने पाय धरिले, सुभानजींनी बगला धरिल्या, लिहिणाराने मधला प्रांत धरिला, आणि महाराज आसनावरोन चार बोटे वर उठोन पुन्हा होते तेथे स्थानापन्न जाहले. पिराजीची कंबर धरिली. सनई वाजतच होती. महाराज बहुत वेळ आपल्या पायांकडे पाहत राहिले, जणू कोणाचे आहेत ते आठवीत होते, आणि मग म्हणाले, "सुभानजी, दार उघडा." सुभानजींचा चेहरा पांढरा पडला. ते म्हणाले, "महाराज, पाय भुईस लागला तर लग्न मोडते. आऊसाहेबांचा हुकूम आहे. आणि देशमुख पायी आलेल्यास मुलगी देत नाहीत." महाराज म्हणाले, "येथे बसून राहिलो तरी मोडतेच. दोन वेळा मोडले तेव्हा आम्ही बसूनच होतो. या खेपेस मोडले तर निदान चालत जाऊन मोडू." आणि दार आपणच उघडोन त्यांणी दातेरीच्या कातळावर उजवा पाय ठेविला. आम्ही डोळे मिटून घेतले. उघडिले तों आभाळ जागेवर होते, आणि महाराज "आई गं" म्हणत दुसरा पाय ठेवीत होते.

मग पायी कूच. जरीचे जोडे गालिच्यासाठी शिवलेले, ते कातळावर किती टिकणार. एकाचा तळ सुटला, दुसऱ्याने मित्रासाठी जीव दिला, आणि महाराज अनवाणी जाहले. लिहिणाराचे पायी जाड चामड्याच्या चपला होत्या. देऊ केल्या नाहीत ऐसे कोणी म्हणू नये. केल्या, परंतु महाराजांस लहान पडल्या, आणि या गोष्टीचे दुःख आम्हास चेहऱ्यावर दाखवावे लागले. पिराजीने कंबर धरोन महाराजांस खांदा दिला. सुभानजी पुढे चालोन पायाने सुटे दगड बाजूस सारीत होते, आणि मान वर करीत नव्हते. महाराज पडले, उठले, पुन्हा पडले, एकदा तर बसोनच राहिले आणि म्हणाले, "हे पाय आमचेच आहेत ना? फार दुखताहेत." पिराजी म्हणाला, "दुखत्यात म्हंजे तुमचंच." मग पुन्हा उठले. मागे रक्ताचे ठसे उमटत होते, ते पाहोन सुभानजी तोंड फिरवोन रडले, आणि या खेपेस टायरांसाठी नव्हे.

शिवेवर पोचलो तेव्हा गुरे परत येऊ लागली होती. कनातीत पाट मांडिलेला, शेजारी तांब्याची घागर आणि परात, आणि बावाजीराव देशमुख हातात नारळ घेऊन उभे. त्यांणी महाराजांस पाहिले, महाराजांमागे गाडी शोधिली, ती न दिसता त्यांचा चेहरा दगडाचा जाहला. ते म्हणाले, "पायी आलात." महाराज म्हणाले, "होय." बावाजीराव म्हणाले, "सांगितलं हुतं. आमच्या घराण्यात..." तों कनातीमागोन गजराबाई पुढे आली. नवरीने शिवेवर येण्याची चाल नाही. अंगावर पिवळी अष्टपुत्री, हातात हिरवा चुडा, आणि मागे धोंडजी मामा "आगं गजरे, आगं पोरी" करीत धावताहेत. बाईने बापास हाताने थांबविले, महाराजांचे समोर उभी राहिली आणि विचारिले, "निरोप मिळाला हुता?"

महाराज म्हणाले, "मिळाला होता."

"पटला न्हाई?"

"पटला होता. बोललो नाही. भ्यालो."

"कुणाला?"

"आऊसाहेबांस, सरलष्करांस, पिराजीच्या टिपरास. एकूण सगळ्यांस."

"आन् आता?"

"आता पाय इतके दुखताहेत की भिण्यास सवड नाही." मग जरा थांबोन महाराज म्हणाले, "जत्रेत तुम्ही हसलात ते थट्टेने की कौतुकाने, एवढे सांगावे. मग परत जा म्हणालात तर परत जाऊ. चालता येते आता."

बाईने खाली पाहिले. त्या पायांवर माती, रक्त आणि हळद एकत्र लागली होती, आणि अंगठ्याचे नख अर्धे निघाले होते. तिने पाटाजवळची घागर उचलिली, महाराजांस पाटावर बसविले, आणि स्वतः खाली बसोन पाय धुवू लागली. टाचेत रुतलेली खडकाची कपरी नखाने काढिली तेव्हा महाराज कळवळले, तों ती म्हणाली, "गप बसा, झालं." पाणी तांबडे जाहले. बावाजीराव पुन्हा बोलू लागले की, "गजरा, पायी आलेल्याला..." तेव्हा ती मान वर न करिता बोलिली, "बाबा, आजपतुर ह्या पाटावर किती जावयांचं पाय धुतलंसा. धुन्यासारखं कुणाचं हुतं का? पालखीतनं न्हायतर गाडीतनं आल्यालं, गोरंपान, उगं पानी घालायचं म्हनून घातल्यालं. ह्यो एकच धुवायला लागतोय." बावाजीरावांणी नारळ एका हातातून दुसऱ्या हातात घेतला, आणि मग पुढे होऊन महाराजांचे हाती दिला.

इतक्यात वळशाच्या वाटेने वऱ्हाडाच्या बैलगाड्या येऊन पोचल्या आणि आऊसाहेब खाली उतरल्या. मुलाचे पाय भुईवर पाहताच त्या ओरडावयास निघाल्या, तोंडही उघडिले, आणि मग त्यांस परातीतले तांबडे पाणी दिसले. लेकराच्या पायांस धूळ लागलेली त्यांणी जन्मात पाहिली नव्हती. त्या तेथेच मातीत बसल्या, दुसरा पाय मांडीवर घेतला आणि शालूच्या पदराने पुसू लागल्या, आणि रीत, घराणे, वरपक्ष यांपैकी एक शब्द त्यांचे तोंडातून निघाला नाही. एवढेच म्हणाल्या, "फार लागले का रे?" एका बाजूस आई आणि दुसऱ्या बाजूस नवरी, मध्ये महाराज, आणि सर्वांभोवती वऱ्हाड तटस्थ. तों धोंडजी मामा ओरडले, "आवं, गोरज चाललाय! रडायचं ते अंतरपाट सुटल्यावर रडा!" मग धावाधाव जाहली, महाराजांस या खेपेस गावच्या गड्यांणी उचलोन मंडपात नेले, अंतरपाट धरिला, मंगलाष्टके म्हटली, आणि गोरज टळण्याआधी अक्षता पडल्या. नगारा नव्हता म्हणोन पिराजीने टिपरू पाण्याच्या रिकाम्या पिंपावर वाजविले. आवाज भद्दच आला. जीव कोणी दिला नाही.

परतीची स्वारी दातेरीवरोनच उतरली, देशमुखांचे जुन्या जीपगाडीतून. राणीसाहेबांणी निघण्याआधी चारही चाकांतली हवा निम्मी सोडिली, आणि सर्व वऱ्हाड डोळे फाडोन ते पाहत राहिले, जणू देवळात कोणी शिंकले. मग त्यांणी गाडी हाकली ती इतकी सावकाश की वाटेत एक शेळी आमचेपुढे गेली, आणि लिहिणाराचे डोके टपास एकदाही लागले नाही. ऐरावत आदिकरोन मंडळी खडकात पडली होती तेथे सुभानजींनी गाडी थांबवावयास सांगितली, उतरोन नमस्कार केला आणि परत येऊन बसले.

हकीकत येथे सरली, दौत कोरडी पडली. हिशेब इतकाच की, चिखलाचा टायर चिखलात अमर, खडकावर दुपारपर्यंत. आणि तेल पाजोन, तट्ट फुगवोन, निरोप न ऐकता नेला तर दुपारही नाही. पुढे राज्यात दोन प्रकारचे टायर ठेविले, एक खालचे मुलुखास आणि एक वरचे, आणि हळद फक्त माणसांस लावू लागले. महाराजांचे पाय बरे जाहले, तरी ते संध्याकाळी बांधावरोन चालत जातात, राणीसाहेब बरोबर असतात, आणि जत्रेतल्या हसण्याचे उत्तर त्यांणी दिले की नाही हे आम्हास कळू शकले नाही. एके दिवशी सुभानजींनी धीर करोन म्हटले की, "महाराज, ते टायर आणखी कोसभर टिकते तर किती बरे होते." महाराज चालता चालता थांबले आणि म्हणाले, "टिकले असते तर शिवेवर नवरदेव पोचला असता, सुभानजी. पाय देशमुखांणी त्याचेही धुतले असते. माझे धुतले नसते."